पत्र्याला टेकलेला आवाज

स्पीकरच्या पडद्यावर मधोमध चिकटवलेली काळी कागदी टोपी, आठाण्याच्या नाण्याहून जराशी मोठी — ती हलली; पण बाहेर आली की आत गेली हे कमळला दिसलं नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी शेजारी बसलेल्या तिच्या पोरीने, दर्शूने, बोट पुढे केलं होतं आणि कमळ टोपीकडे बघायचं सोडून त्या बोटाकडे बघत राहिली होती.

“काय झालं?” डॅशबोर्डखालून पंढरीने विचारलं.

“बाहेर,” ती म्हणाली.

म्हणून गेली. तोंडातून शब्द गेल्यावर तिला वाटलं, पुन्हा लावा म्हणावं एकदा सेल. पण तो तोवर वायरीला चिकटपट्टी गुंडाळायला लागलाच होता, त्याच्या उघड्या पायाचा अंगठा गाडीच्या दाराबाहेर आला होता आणि त्या अंगठ्याला ठरलेल्या तालात हलायची सवय होती — काम जमत आलं की तो तसा हलायचा. तो थांबवणं तिच्या जिवावर आलं.

काम सोपं होतं, म्हणजे तिच्या वाट्याचं. गोटीरामकाकांच्या फियाटला मागच्या काचेखालच्या फळीत दोन नवे स्पीकर बसवलेले, त्यांच्या वायरी गालिच्याखालून पुढे नेलेल्या. पुढे बसून पंढरी त्या दोन टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवणार, मागे बसून तिने पडदा बघायचा. बाहेर आला तर बरोबर, लाल रेघेची वायर जिथे हवी तिथे आहे. आत गेला तर उलटी. लग्न होऊन आली तेव्हा त्याने तिला हे शिकवलं होतं, या पत्र्याच्या शेडमध्येच, स्टुलावर बसवून. आणि तिला त्या वेळी मोठी गंमत वाटली होती, की आवाज म्हणजे एवढंच — एक कागद पुढे येतो नि मागे जातो. तो म्हणाला होता, “एवडंच गो. हवेला ढकलायचं.” तेव्हा त्याचं हे बोलणं तिने दोन दिवस मनात घोळवलं होतं. नवऱ्याच्या पहिल्या पहिल्या बोलण्यांतलं एखादं बाई जपून ठेवते, तसं.

सेल टेकला की स्पीकरमधून बारीकसा ‘टक्’ येतो. दर्शूचं बोट त्या ‘टक्’कडे गेलं, की टोपी हलली म्हणून गेलं?

अलीकडे सगळा दिवस हेच चालायचं. वाटीत चमचा टाकायचा, मुद्दाम, दर्शूच्या पाठीमागून. कडी वाजवायची. कुकरची शिट्टी होत असताना तिच्याकडे बघत राहायचं. कधी ती वळायची, आणि कमळचा जीव असा भरून यायचा, की बघ, बघ, उगाच आपण… मग लक्षात यायचं की भिंतीवर आपली सावली हलली होती, किंवा दार उघडल्यावर वारा आला होता. पंधरा महिन्यांचं पोर, पण डोळ्यांनी इतकं तेज, अंगाने इतकं सावध, की ते ऐकत नाही हे समजायलाच घराला वर्ष लागलं. घराला कुठे, तिला एकटीला. घर अजून म्हणत होतं, ऐकते.

सासू तर शपथेवर सांगायची. “आयकते गो पोर. डंपर गेला का झोपेतून उठून बसते, आन् तू काय घेऊन बसलीस?” आणि ते खरंच होतं. बंदराचं काम सुरू झाल्यापासून जासईच्या रस्त्याने दिवसभर दगड-मुरुमाचे डंपर जायचे, आणि एखादा गेला की दर्शू मान वर करायची. पहिल्यांदा कमळनेही तेवढ्यावरच विश्वास ठेवला होता. डंपर गेला की मांडणीवरचे पेलेसुद्धा थरथरतात, हे तिला फार उशिरा सुचलं. एकदा तिने स्वतःच दुपारी जमिनीवर आडवं होऊन कानांत बोटं घातली होती, घट्ट, आणि डंपरची वाट बघत पडून राहिली होती. तो आला. पाठीतून आला, फरशीतून, कमरेच्या हाडातून. बोटं कानांतच होती. त्या दिवशी भात करपला.

मग ती पनवेलला गेली, मावशीकडे जाते सांगून. डॉक्टर वयस्कर होते, चांगले होते. दर्शूला तिच्या मांडीवर बसवून ते मागे गेले, घंटी वाजवली, खुळखुळा वाजवला, डबा वाजवला. दर्शू त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या गोळ्याशी खेळत राहिली. कमळ मात्र प्रत्येक आवाजाला दचकत होती, जणू दोघींच्या वाट्याचं तिनेच ऐकायचं. “मुंबईला न्या,” डॉक्टर म्हणाले. “मोठी तपासणी होईल. मशीन लावता येईल, शिकवता येईल. पण लवकर. बोलायचं वय एकदा निघून गेलं, की मग अवघड होतं.” त्यांनी ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की तिला रडायलाही सुचलं नाही.

परत आली तेव्हा पंढरी याच शेडमध्ये कुणाच्या तरी टेपला कान लावून बसला होता. डोळे मिटलेले, ओठ जरा उघडे. आवाजात काही खोट असली की तो असा बसायचा, देवापुढे बसल्यासारखा. त्याने हाताने तिला थांब म्हणून खूण केली. ती थांबली. मग डोळे न उघडताच त्याने विचारलं, “कुठं गेलतीस? पोर बरी हाय ना?”

“कानाला दाखवलं. मळ हाय म्हनला.”

आधी ठरवलेलं नव्हतं. समोर तो चेहरा होता, इतकंच. ज्या माणसाचं सगळं जगणं कानात आहे, त्याला — मी कसं सांगणार होते? कोणत्या तोंडाने? आणि सांगितलं की ते खरं होणार. अजून ते फक्त पनवेलच्या त्या खोलीत आहे, माझ्यापाशी आहे, घरात आलेलं नाही… असं काहीतरी. तेव्हापासून ते वाक्य तिच्याजवळ तयार होतं. ‘तिला ऐकू येत नाही.’ भाकरी थापताना, नळावर, अंथरूण घालताना ते तिने हजारदा मनात म्हटलं होतं, कधी सावकाश, कधी एकदम. आणि रोज एक दिवस निघून जात होता, त्या बोलायच्या वयातला.

“काय पंढरी, डबा बोलाय लागला का नाय?”

गोटीरामकाका आले होते. पांढरा झब्बा, पायांत चकचकीत चपला. सिडकोत जमीन गेली तेव्हा हा माणूस ढसाढसा रडला होता म्हणतात, आणि आता विटा-रेतीचा धंदा करत होता. पंढरीचे लांबचे काका. त्यांच्या पोराची हळद परवावर आली होती, आणि हळदीला गाडी अशी वाजली पाहिजे की पलीकडच्या गावाला झोप लागता कामा नये, ही त्यांची अट. मेव्हण्याने मस्कतहून वूफर आणून दिला होता — जाड आवाजाचा स्पीकर, परातीएवढा, लाकडी डब्यात बसवलेला. आसपास कुणी तसला बघितला नव्हता. पंढरी दोन दिवस त्याच्याभोवती नुसताच फिरत होता.

“बसा काका, ऐकवतो,” पंढरी म्हणाला.

वूफरचा डबा डिकीत स्टेपनीवर, गोणपाट घालून तात्पुरता ठेवलेला होता. कॅसेट आत गेली. ढोल सुरू झाला, बाई गायला लागली. आणि गोटीरामकाकांचं तोंड वाकडं झालं.

“यो काय रं आवाज? शेजारच्या घरातून येतो तसा वाटतो. माज्या म्हातारीचा खोकला यापरीस जाड हाय.”

पंढरी हसला नाही. मागच्या सीटवर दर्शूला बाजूला सरकवून तो मधोमध बसला, डोळे मिटले. मग डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. “मधी आवाज मरतो,” तो म्हणाला, स्वतःशीच. आणि कमळला तेव्हाच कळलं. एक पडदा पुढे येत असताना दुसरा मागे जात असेल, तर दोघं एकमेकांची हवा खातात. हेही त्यानेच शिकवलं होतं.

“तू बाहेर बोललीस ना?”

“हो.”

तो बघत राहिला. रागाने नाही. वायर कुठे तुटली ते शोधताना बघतो तसा.

“मला नीट दिसलं नाय,” ती म्हणाली.

“मग तसं बोलायचं ना, कमळ. नाय दिसलं तर नाय दिसलं. त्यात काय हाय?”

त्यात काय आहे… तो पुन्हा डॅशबोर्डखाली शिरला होता, आणि ती मागच्या दाराला टेकून उभी होती, आणि तिच्या मनात ते वाक्य एकदम उठून उभं राहिलं. आता. गोटीरामकाका पान लावतायत, त्यांचं लक्ष नाही, तो खाली वाकलेला आहे, त्याचा चेहरा दिसत नाही — आता म्हणावं. नाही दिसलं तर नाही दिसलं. नाही ऐकू येत तर नाही ऐकू येत. इतकं सोपं. तिने तोंड उघडलंही. बाहेरून डंपर गेला, शेडचा पत्रा खडखडला, दर्शूने मान वर करून आईकडे बघितलं आणि ती हसली. राहिलं.

वायरी उलटवून झाल्या. मग पंढरीने वूफर स्टेपनीवरून उचलला, डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, तोंड मागे करून, थेट पत्र्यावर ठेवला. “जाड आवाज कोपऱ्यात भरतो, काका,” तो सांगत होता, “आन् त्याला दिशा नसते. बारीक आवाज कुठून आला ते कानाला कळतं. याचं नाय कळत. अंगभर येतो.” त्याला हे सांगायला आवडायचं. गोटीरामकाका म्हणाले, “तू वाजव आदी, शाळा मागून घे.”

आणि ढोल आला.

आला म्हणजे — कमळ दाराला टेकली होती ते दारच ढोल झालं. काच गुणगुणली. मागच्या सीटवर दर्शूचं सगळं अंग थांबलं. हातातली फडक्याची बाहुली गळून पडली. आणि मग तिच्या तोंडावर असं काही उमटलं की कमळने ते आधी कधी बघितलं नव्हतं. हसू नव्हतं ते, त्याच्या आधीचं काहीतरी. मग हसू आलं. ढोल थांबला की थांबायचं, वाजला की फुटायचं.

“बग, बग,” गोटीरामकाकांनी मांडीवर थाप मारली. “बापाची पोर हाय. आन् गावात बाया बोलतात, पंढऱ्याचे पोरीला आयकू नाय येत. कोन बोलतो? बोलवा तिला हितं.”

म्हणजे गाव बोलतं. कमळच्या कानशिलांत ऊन चढल्यासारखं झालं. गाव बोलतं म्हणजे नळावर बोलतं, आणि नळावरचं घरात यायला किती… तिने पंढरीकडे बघितलं नाही. ती दर्शूकडेच बघत होती. आणि तिला दिसत होतं — काकांना दिसत नव्हतं ते. ऐकणारं पोर मान वळवतं, आवाज शोधतं. दर्शूने मान वळवली नव्हती. ती खाली बघत होती. दोन्ही तळवे सीटच्या रेक्झिनवर पालथे पसरून, आपल्याच हातांकडे बघत होती, जणू ते हातच गात होते.

कमळने डोळे वर केले तेव्हा पंढरी डिकीपाशी उभा होता आणि बाजूच्या काचेतून आत बघत होता. पोरीच्या तोंडाकडे नाही, तिच्या हातांकडे.

“पण नंबरप्लेट वाजते रं,” गोटीरामकाका म्हणाले. “झर्रर्र करते. ते काय बरं नाय.”

“हो. फोम टाकतो खाली.”

जुन्या गादीतला फोमचा तुकडा त्याने कापून घेतला, डबा एका हाताने उचलून खाली सरकवला. कॅसेट पुन्हा सुरू झाली. आवाज तेवढाच होता, उलट आता नीट होता, झर्र गेली होती, ढोल ढोलासारखा गोल वाजत होता, आणि बाईचं गाणं त्याच्यावर स्वच्छ चाललं होतं. “आता कसा,” गोटीरामकाका म्हणाले. “आता झाला.”

सीटवर दर्शू थोडा वेळ तशीच बसली. मग तिने एका हाताने रेक्झिनवर थोपटलं. वाट बघितली. पुन्हा थोपटलं. दूध आटलेल्या गाईला वासरू ढुशा देतं, तसं. मग तिने बाहुली उचलली आणि तिचा पाय तोंडात घातला. तिच्या डोक्यामागे हातभर अंतरावर दोन्ही स्पीकर फुटेस्तोवर वाजत होते.

“एकदा परत बघतो,” पंढरी म्हणाला.

त्याने फोम काढला. दर्शूचे हात खाली गेले, तळवे पसरले, तोंड उजळलं. त्याने फोम घातला. ती बाहुलीकडे वळली. त्याने डबा उजव्या कोपऱ्यात नेला, फोमवर, काही नाही. फोम काढला, पत्र्यावर ठेवला, हात खाली. प्रत्येक वेळी तो डिकीतून उठून बाजूच्या काचेशी यायचा, पाठीमागून पुसट उजेड पडलेला त्याचा चेहरा काचेत दिसायचा, आणि परत जायचा.

“झाला की रं चांगला,” गोटीरामकाका कंटाळून म्हणाले. “किती हलवशील? नवरी हाय का ती, जागा बघतोस तिला?”

पंढरीने डबा पुन्हा हलवला. पहिल्या खेपेला कमळला वाटलं होतं तो आवाज बसवतोय. दुसऱ्या खेपेला तिला शंका आली. तिसऱ्या खेपेला कळलं. तो आवाज बसवत नव्हता. तो पोरीला विचारत होता. त्याला जी एकच रीत येत होती त्या रीतीने, एक एक टोक सोडवून, पुन्हा जोडून — इथे आहे का? इथे? मग कुठे नाही? आणि दर्शू त्याला प्रत्येक वेळी खरं उत्तर देत होती, तिला खोटं कुठे माहीत होतं.

मग तो बराच वेळ डिकीत वाकून राहिला. टेप बंद होता. उघड्या डिकीच्या झाकणामुळे फक्त त्याची कंबर आणि पाय दिसत होते. अंगठा हलत नव्हता.

उठला तेव्हा फोमचा तुकडा त्याच्या हातात होता. त्याने तो शेडच्या कोपऱ्यात टाकला, पाना घेतला, आणि डबा पत्र्यावर टेकवून चारी बाजूंनी आवळायला लागला.

“अरे, फोम काडलास ना तू? पत्रा वाजंल.”

“फोम आवाज खातो, काका,” पंढरी म्हणाला. “असाच बरा.”

आणि कमळने तो आवाज ओळखला. शब्द नव्हेत. शब्द धंद्याचे होते, गिऱ्हाईकाला पटणारे. आवाज ओळखला, त्याचा साधेपणा, मुद्दाम सपाट केलेला, कुठे उंच नाही की खोल नाही. ‘मळ हाय म्हनला.’ तोच. तिला वाटत होतं तो फक्त तिच्या गळ्यात आहे.

गोटीरामकाकांना घाई होती, हळदीचा मांडव घालायला माणसं येऊन बसली असतील. आधी एकदा गावातून फिरवून आणतो म्हणाले. पंढरीने दर्शूला मागच्या सीटवरून उचललं नाही. “पोरीला एक चक्कर द्या, काका,” तो म्हणाला. “कमळ, तू बस तिच्याजवळ.”

ती बसली. गाडी शेडबाहेर निघाली, ढोल सुरू झाला, पाठीला, मांड्यांना, दातांना लागला. नंबरप्लेट झर्रत होती, आणि गोटीरामकाका पुढे बसून, पंढऱ्याने काम बिघडवलं असं काहीतरी पुटपुटत होते. दर्शू तिच्या मांडीवर नव्हती, शेजारी बसली होती, पालथे हात रेक्झिनवर दाबून. आरशात शेडच्या दारात पंढरी उभा दिसला. हात पुसत होता, वर बघत नव्हता. बघितलं असतं तर तिने काय केलं असतं, तिला ठाऊक नव्हतं.

तिने ते वाक्य शोधलं. सवयीने. रोज या वेळी ती ते मनात म्हणून बघायची. पण ते उचलायला गेली तर हलकं लागलं, आतलं सगळं कुणीतरी काढून घेतल्यासारखं. त्याला आता सांगायचं असं त्यात काही उरलं नव्हतं. तिला वाटलं होतं, कधीतरी आपण ते सांगू आणि ओझं उतरेल, तो रडेल किंवा चिडेल, आपण रडू… आणि ओझं तर उतरलं होतं, पण कुणी रडलं नव्हतं, कुणी काही म्हटलं नव्हतं, आणि उतरलेल्या त्या ओझ्याच्या जागी नुसतं दुखत होतं. आता दोघं गप्प राहू शकत होते. तो तिच्यासाठी, ती त्याच्यासाठी. किती सहज, किती मायेने, दर्शू दोन वर्षांची होईपर्यंत, तीन वर्षांची होईपर्यंत. या विचाराने ती पहिल्यांदा घाबरली. इतके दिवस ती त्याला कळेल म्हणून भीत होती. आता कळलं होतं, आणि ही भीती वेगळी होती, तिला चेहरा नव्हता, ती घरातल्याच कुणासारखी चालत होती.

मुंबईला कधी जायचं? — एवढंच आता म्हणायचं होतं. तीन शब्द. ते तिने कधीच पाठ केले नव्हते. तिने ओठ हलवून बघितले, आवाज न करता. ढोल वाजत होता, पुढच्याला ऐकू जायची भीती नव्हती. दर्शू हातांवरून नजर उचलून आईच्या ओठांकडे बघायला लागली. टक लावून, काही हरवू नये तशी. मग कमळने ते पुन्हा म्हटलं, सावकाश, एक एक शब्द सुटा करून, पोरीला दिसेल असं.